क्लायंट म्हणतो 'नियरशोअर', आपण देश कसा निवडायचा?

अमेरिकेतला क्लायंट कराराच्या नूतनीकरणात एक अट टाकतो, "थोडं काम आमच्या वेळेत, आमच्या जवळून हवं." मग ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या, परदेशी कंपन्यांचं कार्यालयीन काम करणाऱ्या मध्यम बीपीओ कंपनीत आठवड्याभरात एक एक्सेल शीट तयार होते. डावीकडे देशांची नावं, वरती पगार, इंग्रजी, कर, राजकीय स्थैर्य. प्रत्येकाला दहापैकी गुण. बेरीज होते आणि कुठला तरी देश अर्ध्या गुणाने जिंकतो. या शीटमध्ये एक रकाना कधीच नसतो, तो म्हणजे नेमकं कोणतं काम तिकडे जाणार. तो आधी भरला तर उरलेल्या रकान्यांपैकी निम्मे आपोआप गळतात.

एक गोष्ट नव्या माणसाने सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. नियरशोअर म्हणजे क्लायंटला जवळ. आपल्याला ते केंद्र लांबच पडतं, आणि चालवायचं मात्र आपल्यालाच असतं. मुंबईहून बोगोटाला किंवा मेक्सिको सिटीला थेट विमान नाही. म्हणून देश निवडताना क्लायंटपासूनचं अंतर आणि आपल्यापासूनचं अंतर अशी दोन अंतरं मोजायची.

पायरी १: काम सोलून वेगळं करा

प्रोसेसचं, म्हणजे क्लायंटने सोपवलेल्या कामाचं, नुसतं नाव पुरत नाही. तिचे तुकडे पाडा. अकाउंट्स पेयेबलचं, म्हणजे पुरवठादारांची बिलं भागवण्याच्या कामाचं, उदाहरण घ्या. त्यात बिल स्कॅन करणं, कोडिंग (बिल कोणत्या खात्यात जातं ते नोंदवणं), पर्चेस ऑर्डर आणि माल-पावतीशी बिल जुळवणं, न जुळलेल्या बिलांचा पाठपुरावा, पुरवठादारांचे फोन, पेमेंट रन (एकगठ्ठा पैसे देणं) आणि महिनाअखेरचं रिकन्सिलिएशन (हिशोबांची जुळवणी) इतके तुकडे आहेत. प्रत्येक तुकड्याला तीन प्रश्न विचारा. याला क्लायंटच्या कामाच्या वेळेत माणसाशी बोलावं लागतं का? इंग्रजीशिवाय दुसरी भाषा लागते का? कायदा किंवा करार याला विशिष्ट हद्दीत ठेवतो का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर तो तुकडा नवी मुंबईतच राहू द्या. वरच्या यादीत फार तर पाठपुरावा आणि फोन बाहेर जातील.

१०० सीटच्या, म्हणजे १०० माणसांच्या जागा असलेल्या, प्रोसेसमधून २० पेक्षा जास्त सीट बाहेर जाताना दिसल्या, तर यादी पुन्हा तपासा. बहुतेक वेळा कुणीतरी 'सोयीसाठी' अख्खी टीम तिकडे टाकलेली असते, आणि मार्जिन तिथेच जातं.

तिसऱ्या प्रश्नात एक खड्डा आहे. अमेरिकी आरोग्य क्षेत्रातल्या काही करारांत, विशेषतः काही राज्यांच्या मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेशी जोडलेल्या कामात, 'ऑफशोअर नको' अशी अट असते. तिथे ऑफशोअर म्हणजे अमेरिकेबाहेर कुठेही. मेक्सिको आणि कोलंबियाही त्यात आले. मूळ करारातलं ते कलम क्लायंटच्या कायदा विभागाकडून लेखी स्पष्ट करून घेतल्याशिवाय देशांची यादी उघडू नका.

पायरी २: घड्याळ कागदावर मांडा

'टाइम झोन सोयीचा' असं लिहून भागत नाही, तास लिहा. न्यूयॉर्कचे सकाळी ९ ते संध्याकाळी ५ म्हणजे ऐरोलीत उन्हाळ्यात संध्याकाळी ६:३० ते पहाटे २:३० आणि हिवाळ्यात ७:३० ते ३:३०. कॅलिफोर्नियाचा हाच दिवस उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री ९:३० ते पहाटे ५:३० असतो. ही खरी नाइट शिफ्ट. कॅबचा खर्च, सोडून जाणारी माणसं, शिवाय महाराष्ट्र दुकाने आणि आस्थापना अधिनियम २०१७ प्रमाणे रात्री ९:३० ते सकाळी ७ या वेळेत महिला कर्मचाऱ्यांसाठी संमती, सुरक्षितता आणि घरपोच वाहतुकीच्या अटी. अमेरिकेसाठी नियरशोअरचा हिशोब या खर्चाशी लावायचा.

युरोपचं चित्र वेगळं आहे. पोलंडमधल्या क्राकोवचे ९ ते ५ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी १२:३० ते रात्री ८:३०, हिवाळ्यात तासभर पुढे. ही साधी दुपारची शिफ्ट झाली, ठाण्याची शेवटची लोकलही चुकत नाही. त्यामुळे युरोपच्या क्लायंटसाठी 'वेळ जुळते' म्हणून पोलंड किंवा रोमेनिया निवडण्यात अर्थ नाही. तिथे जायचं ते जर्मन, फ्रेंच, डच बोलणाऱ्यांसाठी किंवा डेटाच्या कायद्यासाठी. दोन्ही कारणं नसतील तर क्लायंटला दुपारची शिफ्ट दाखवा आणि विषय मिटवा.

घड्याळं बदलण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, आणि रोस्टर, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, बहुधा इथेच फसतो. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी तास पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. युरोप मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक आठवडा दोघांतलं अंतर तासाने बदललेलं असतं. कोलंबिया आणि कोस्टा रिका घड्याळ बदलतच नाहीत. मेक्सिकोने २०२२ मध्ये ही पद्धत बंद केली, पण अमेरिकेच्या सीमेलगतच्या बहुतेक गावांत ती चालू आहे, म्हणजे सीमेवरचं तिहुआना आणि आतलं ग्वादालाहारा यांचं वर्षभराचं गणित एक नाही. ब्राझीलने २०१९ मध्ये बंद केली. मोरोक्को वर्षभर एका वेळेवर असतो आणि रमजानमध्ये तासभर मागे जातो. ५२ आठवड्यांची एक पट्टी काढा, तिन्ही ठिकाणच्या वेळा लिहा, अंतर बदलणारे आठवडे रंगवा.

पायरी ३: कारणावरून यादी

आता यादी छोटी होते. अमेरिकेला इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही हवं असेल तर मेक्सिको, कोलंबिया, कोस्टा रिका. अर्जेंटिना आणि उरुग्वे न्यूयॉर्कपेक्षा उन्हाळ्यात एक आणि हिवाळ्यात दोन तास पुढे आहेत, त्यामुळे सकाळची तयारी करून ठेवण्याच्या कामाला बरे. ब्राझीलची भाषा पोर्तुगीज आहे, हे दर वेळी कुणीतरी विसरतं. युरोपीय भाषांसाठी पोलंड, रोमेनिया, बल्गेरिया, पोर्तुगाल. फ्रेंचसाठी मोरोक्को आणि ट्युनिशिया. ब्रिटनच्या फोनच्या कामासाठी दक्षिण आफ्रिका. जपानी भाषेसाठी चीनमधलं दालियान. तीनपेक्षा जास्त देश पुढच्या पायरीला नेऊ नका, पुढचं काम वेळखाऊ आहे.

पायरी ४: देश नव्हे, शहर

माणसं देशात मिळत नाहीत, शहरात मिळतात. मेक्सिको म्हणजे ग्वादालाहारा, मॉन्तेरे की केरेतारो? पोलंड म्हणजे क्राकोव, व्रोत्सवाफ की वूच? टीसीएसने उरुग्वेच्या मॉन्तेविदेओत २००२ पासून केंद्र चालवलं आहे, ग्वादालाहारा आणि केरेतारोतही ती आहे. इन्फोसिसच्या बीपीओ शाखेला वूचचं केंद्र २००७ मध्ये फिलिप्सकडून मिळालं. मोठी भारतीय कंपनी शहरात असली की दोन गोष्टी कळतात. तिथे हे काम समजणारी माणसं आहेत, आणि तुम्ही प्रशिक्षण दिलेला माणूस नोकरी बदलायला बसस्टॉपही बदलणार नाही. पंधरा-वीस सीटसाठी दुसऱ्या फळीचं शहर बरेचदा चांगलं पडतं, जसं रोमेनियात बुखारेस्टऐवजी याश, पोर्तुगालमध्ये लिस्बनऐवजी ब्रागा.

इंग्रजीच्या जागतिक क्रमवारीवर विसंबू नका. अशा याद्यांत बऱ्याचदा स्वतःहून चाचणी दिलेल्यांचे गुण असतात, तुमच्या शहरात तुमच्या पगारात येणाऱ्यांचे नसतात. स्वतःची चाचणी घ्या. स्थानिक भरती संस्थेमार्फत खऱ्या पगाराची जाहिरात दोन आठवडे चालवा. आलेल्या अर्जांतल्या २० जणांशी १५ मिनिटं फोनवर बोला. प्रत्येकाला एकच न जुळलेलं बिल द्या आणि पुरवठादाराला त्याबद्दल ईमेल लिहायला सांगा. वीसपैकी सहा जण कामाचे निघाले, तर १२ माणसं भरायला किमान ४० चांगले अर्ज लागतील हे कळतं. तेवढे अर्ज दोन महिन्यांत येतील का, हा खरा प्रश्न. दुसरी युरोपीय भाषा लागत असेल तर तिचा भत्ता वेगळा विचारून घ्या. सरासरी पगाराच्या तक्त्यात तो दिसत नाही.

पायरी ५: पगार नव्हे, कामाला येणारा तास

सगळ्यात जास्त पाणी इथे मुरतं. पगाराच्या आकड्यावर मालकाचा भार देशागणिक इतका वेगळा असतो की 'ग्रॉस' एकसारखं दिसलं तरी खर्च एकसारखा नसतो. रोमेनियात सामाजिक सुरक्षेचा जवळपास सगळा वाटा कर्मचाऱ्याच्या ग्रॉसमधून कापला जातो, मालकाचा वरचा भार २.२५ टक्के. पोलंडमध्ये हा भार साधारण २० टक्के. मेक्सिकोत विमा आणि ५ टक्के गृहनिधीबरोबर किमान १५ दिवसांच्या पगाराचा वर्षअखेरचा बोनस आहे, शिवाय करपात्र नफ्याच्या १० टक्के रक्कम कर्मचाऱ्यांत वाटावी लागते. हे शेवटचं कलम भारतीय बजेटमध्ये हमखास सुटतं.

कोलंबियाचं गणित पूर्ण मांडू. १०० च्या पगारावर वर्षभरात मिळून एका पगाराची 'प्रीमा', जी जून आणि डिसेंबरमध्ये अर्धी-अर्धी द्यायची: ८.३३. 'सेसान्तियास' नावाचा निधी: ८.३३. त्यावर १२ टक्के व्याज: १. पेन्शन: १२. कुटुंब कल्याण निधी: ४. कार्यालयीन कामाचा अपघात विमा: सुमारे अर्धा. रजेची तरतूद: ४.१७. बेरीज ३८ च्या थोडी वर. ही बेरीज किमान वेतनाच्या दहापटीपेक्षा कमी पगाराला लागू. पगार त्याहून जास्त असेल तर कंपनीला आरोग्य आणि प्रशिक्षण निधीची मिळणारी सूट जाते आणि आणखी १३.५ टक्के वाढतात. टीम लीडपर्यंत अडचण येत नाही, केंद्रप्रमुखाच्या पगाराला येते.

आता तास. वर्षाचे २६० कामाचे दिवस. त्यातून १८ सार्वजनिक सुट्ट्या, १५ दिवस रजा आणि आजारपणाचे ७ धरले तर २२० उरतात. कोलंबियाने कामाचा आठवडा २०२३ पासून टप्प्याटप्प्याने ४८ वरून खाली आणला, जुलै २०२६ पासून तो ४२ तासांचा. म्हणजे दिवसाला ८.४, वर्षाला १,८४८. चहा, बैठका, कोचिंग, सिस्टिम बंद असण्याचा वेळ मिळून २० टक्के वजा केले की १,४७८ तास हाती येतात.

समजा पगार महिना १,००० डॉलर. इथे एक चूक सगळे करतात. रजेची ४.१७ ची तरतूद खर्चात धरली आणि तास मोजताना रजेचे दिवसही वजा केले, तर एकच खर्च दोनदा लागतो. तरतूद काढली की गुणक १.३४ होतो. १२,००० चे १६,१०० झाले. सीटच्या खर्चाचे महिना २५० धरले तर वर्षाचे ३,०००. एकूण १९,१००, भागिले १,४७८, म्हणजे तासाला १२.९ डॉलर. नुसता पगार आणि आठवड्याचे ४२ तास धरून जो साडेपाच डॉलरचा आकडा प्रेझेंटेशनमध्ये येतो, त्याच्या दुपटीहून जास्त. पगार आणि सीटचे आकडे इथे नमुन्याचे आहेत, तुमचे घाला. रीत मात्र हीच ठेवा. आणि हीच रीत ऐरोलीच्या सीटलाही लावा, कॅब आणि नाइट अलाउन्ससकट, नाहीतर तुलना लंगडी.

शिफ्टचा दरही बघा. कोलंबियात २०२५ च्या कामगार सुधारणेनंतर रात्रपाळी संध्याकाळी ७ पासून मोजतात, अधिभार ३५ टक्के. कॅलिफोर्नियाचे संध्याकाळचे ५ म्हणजे बोगोटात उन्हाळ्यात ७, हिवाळ्यात ८. पश्चिम किनाऱ्याचा क्लायंट असेल तर हिवाळ्यातला शेवटचा तास महागडा.

चलन तीन आहेत. बिल डॉलरमध्ये, पगार पेसोत, ताळेबंद रुपयात. क्लायंटच्या करारात दर वर्षी स्थानिक किमान वेतन आणि विनिमय दराशी जोडलेली दरवाढ मागा. नाही मिळाली तर निदान अमुक टक्क्यांपलीकडे दर पुन्हा ठरवण्याचं कलम.

पायरी ६: बाहेर पडायचं दार आधी बघा

क्लायंट गेला तर काय पडेल? मेक्सिकोत विनाकारण काढलं तर तीन महिन्यांच्या पगारापासून भरपाई सुरू होते. कोलंबियात बेमुदत करारावर पहिल्या वर्षासाठी ३० दिवस, पुढच्या प्रत्येक वर्षाला २०, तेही किमान वेतनाच्या दहापटीच्या आत पगार असेल तर. पोलंडमध्ये तीन वर्षं झालेल्या माणसाला तीन महिन्यांची नोटीस. हा आकडा काढा आणि क्लायंटच्या करारातल्या नोटीस काळाशेजारी ठेवा. क्लायंट ३० दिवसांत सोडू शकतो आणि तुम्हाला ९० दिवस पगार द्यावा लागतो, तर मधले ६० दिवस तुमच्या खिशातून. परिवीक्षेचा काळही बघा: कोलंबियात जास्तीत जास्त दोन महिने, पोलंड आणि कोस्टा रिकात तीन. तुमचं प्रशिक्षण आठ आठवड्यांचं असेल, तर कोलंबियात माणूस प्रत्यक्ष कामावर येतो तेव्हा परिवीक्षा संपत आलेली असते.

पायरी ७: कंपनी काढायची की नाही

दहा सीटच्या आत स्वतःची कंपनी काढणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. स्थानिक व्हेंडर घ्या किंवा ईओआर, म्हणजे कागदोपत्री मालक होऊन तुमची माणसं पगारावर ठेवणारी संस्था. २५ च्या पुढे कंपनीचं गणित बसू लागतं. मधल्या आकड्यांना एक वर्ष व्हेंडर आणि करारात माणसं पुढे स्वतःकडे घेण्याचा हक्क, असं ठेवावं. मेक्सिकोत मात्र जपून. २०२१ च्या सुधारणेनंतर तिथे नुसती माणसं पुरवण्यावर बंदी आहे, विशेष सेवा देणाऱ्याला 'रेप्से' नोंदणी लागते. व्हेंडरची नोंदणी चालू आहे का आणि त्यात तुमचंच काम लिहिलं आहे का, दोन्ही बघा.

परदेशी व्हेंडरला पैसे देताना आयात सेवेवर रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा घेणाऱ्यानेच भरायचा, जीएसटी लागू शकतो, निर्यातदाराला तो परत मिळतो पण रोख अडकते.

पायरी ८: डेटा

युरोपीय क्लायंटचा डेटा क्राकोवमध्ये ठेवला म्हणून जीडीपीआरचा, म्हणजे युरोपच्या डेटा-संरक्षण कायद्याचा, प्रश्न संपत नाही. ऐरोलीतला टीम लीड रात्री लॉग-इन करून तीच स्क्रीन बघतो, तेव्हा तो डेटा भारतात गेला असं धरतात. युरोपने भारताला पुरेशा संरक्षणाची मान्यता दिलेली नाही, अर्जेंटिना आणि उरुग्वेला दिली आहे. म्हणून डेटा बाहेर पाठवण्यासाठीची युरोपची २०२१ ची प्रमाणित कलमं करारात हवीत, किंवा देखरेख करणाऱ्याला फक्त आकडेवारीचा डॅशबोर्ड द्या, ग्राहकाची फाइल नको. दुसरा उपाय स्वस्त आहे आणि ऑडिटला टिकतो.

पायरी ९: इकडची कागदपत्रं

परदेशात कंपनी काढायची तर फेमा या परकीय चलन कायद्याखालचे २०२२ चे परदेशी गुंतवणूक नियम लागू होतात. आपोआप मार्गाने, म्हणजे वेगळ्या परवानगीशिवाय, आपल्या कंपनीच्या नक्त मूल्याच्या (मालमत्ता वजा देणी) ४०० टक्क्यांपर्यंत आर्थिक बांधिलकी घेता येते, दिलेली हमीही त्यात मोजतात. बँकेकडे फॉर्म एफसी द्यायचा, युनिक नंबर मिळाल्यावरच पैसे पाठवायचे. वाशी किंवा घोडबंदर रोडच्या शाखेत हे काम रोजचं नसतं, फाइल बँकेच्या परकीय चलन विभागाकडे जाते. तिथल्या अधिकाऱ्याशी सुरुवातीलाच बोलून घ्या. पुढे दर वर्षी १५ जुलैपर्यंत एफएलए (परदेशी देणी आणि मालमत्ता) विवरण आणि ३१ डिसेंबरपर्यंत वार्षिक कामगिरी अहवाल. अहवाल चुकला तर तो नियमित होईपर्यंत त्या कंपनीला पुढचा पैसा पाठवता येत नाही, आणि कोलंबियातली प्रीमा नेमकी डिसेंबरात द्यायची असते.

दुहेरी कर टाळण्याचा करार मेक्सिको, कोलंबिया, पोलंड, रोमेनियाशी आहे. अर्जेंटिनाशी सर्वंकष करार नाही. दोन कंपन्यांतला दर बाजारभावाने ठरवून ट्रान्सफर प्रायसिंगचं टिपण पहिल्याच वर्षी सीएकडून करून घ्या. आणि परदेशी कंपनीची उलाढाल वर्षाला ५० कोटींच्या वर जाणार असेल, तर तिच्या बोर्डाचे सगळे निर्णय ठाण्यात बसून घेऊ नका. प्रत्यक्ष व्यवस्थापन भारतात आहे असं ठरलं तर ती कंपनी करासाठी भारतीय निवासी होते.

मुखत्यारपत्र आणि बोर्डाचा ठराव यांना अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणन) लागतं, मग तिकडच्या अधिकृत भाषांतरकाराचं भाषांतर. संचालकाच्या पासपोर्टवरचं स्पेलिंग आणि ठरावातलं स्पेलिंग अक्षराअक्षराने जुळवा. वडिलांचं नाव मध्ये घालायची आपली पद्धत लॅटिन अमेरिकेत आडनाव म्हणून वाचली जाते आणि बँक खातं महिनाभर लटकतं.

पायरी १०: पायलट

सहा ते आठ माणसं, ९० दिवस, एकच तुकडा. ऐरोलीतून दोन अनुभवी माणसं पहिले सहा आठवडे तिकडे हवीत, त्यांचा व्हिसा लागायला वेळ लागतो म्हणून तो आधी. अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर असेल तर मेक्सिकोसारखे काही देश त्यावर प्रवेश देतात, पण तो भेटीपुरता. तिथे बसून काम करायला परवानगी वेगळी. केटीचं, म्हणजे काम शिकवण्याचं, साहित्य इंग्रजीत असलं तरी त्यातले आपले शब्द काढा. 'प्रीपोन' आणि 'डू द नीडफुल' तिकडे कुणाला कळत नाहीत, 'लाख' तर आकड्याची चूक करून जातो.

पायलटची तारीख अशी निवडा की मार्चचा किंवा नोव्हेंबरचा घड्याळबदल त्यात येईल. तीन आकडे दर आठवड्याला बघा: पहिल्याच प्रयत्नात सुटलेली प्रकरणं, ऐरोलीकडे परत आलेली प्रकरणं, आणि सोडून गेलेली माणसं. परत येणारी प्रकरणं दहाव्या आठवड्यातही पाचातलं एक असतील, तर तुकडा चुकीच्या जागी कापला गेला आहे. शहर बदलण्याआधी पहिल्या पायरीची यादी पुन्हा काढा.